इकलासची तीन अक्षरं

४ जानेवारी, रविवार

आधी तक्रार. नमस्कार, जय ख्रिस्त, नवीन वर्षाच्या शुभेच्छा, ते सगळं मागनं.

देवबापा, सुनीलनं मला न विचारता वरची खोली भाड्यानं दिली. घर माझ्या नवऱ्यानं बांधलं, भिंतींना पाणी मी मारलं, आणि हा माझा लेक चिंचवडला बसून फोनवर सांगतो, "आई, उद्या एक मुलगी येईल. विद्यापीठात शिकते. सुदानची आहे." मी म्हटलं, सुदान कुठल्या तालुक्यात? तर हसला. म्हणे आफ्रिकेत. मी म्हटलं, मला इचारलं का? तर म्हणतो, "तुला सोबत होईल." सोबतीला मला कोंबड्या हायेत. त्या निदान अंडी तरी देतात.

ही डायरी आज मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमधे, सगळ्यांना वाटली. पानावर वर वचन छापलंय, खाली रेघा. पाळकीणबाई, म्हणजे आपल्या अश्विनीताई, म्हणाल्या, "रतनबाई, रोज देवाचे उपकार लिहायचे." मी चौथी पास. मिशनच्या बोर्डिंगात पोरांना भाकरी थापण्यात माझा जन्म गेला. उपकार लिहायला हात मोकळा कधी होता? तरी लिहिते.

आजचा उपकार: मुलगी उद्या येणार, म्हणजे आज नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

मुलगी आली. नाव इख्लास. मला ते 'ख्ल' जमत नाही, मी इकलास म्हणते. ओ देते, म्हणजे चालतंय. उंच आहे, दारातून वाकून येते. अंगाला साडीसारखंच लांब कापड गुंडाळते आणि डोक्यावरून घेते, त्याला तोब म्हणतात. निऱ्या नाहीत. निऱ्यांशिवाय ते अंगावर टिकतं कसं, हे मी चार दिवस बघतेय.

ज्वारीवर शिकते. मला वाटलं, ज्वारीवर शिकायचं काय? पेरायची, पाखरं हाकायची, काढायची. पण तिच्या देशातही ज्वारीच खातात. पीठ आंबवून तव्यावर कागदासारखं पातळ पसरते. किसरा म्हणते त्याला. मी म्हटलं, "बाई, तुझं धिरडं आजारी हाय." तुकडा तोंडात घातला. आंबट. वाईट नाही. तिला सांगितलं नाही.

मराठी विद्यापीठाच्या शेतावरच्या बायांकडून शिकलीय. "व्हय" आणि "लई" म्हणते. सुनीलपेक्षा बरी बोलते, तो आता पुण्याचं बोलतो.

पण एक गोष्ट आहे. तिच्या गावावर फौज आली आणि दिवाळीपासून तिच्या आईचा पत्ता नाही. बाप मागेच गेला, भाऊ नाही. आई गावच्या लोकांबरोबर पायी निघाली, इथपर्यंत कळलं, पुढचं काही नाही. आईचं नाव हव्वा. एदेन बागेतली, तीच. अनोळखी नंबर वाजला की पोरीचे हात गार पडतात. मोबाईल माझ्यापुढं धरते.

"आजी, तुम्ही उचला."

"अगं, मला तुझी भाषा येती व्हय?"

"फक्त विचारा, हसल शिनू? म्हणजे, काय झालं? पुढं चेहरा बघून मला कळेल."

"फोनवर चेहरा कुनाचा दिसतो?"

"तुमचा, आजी."

पहिला फोन क्रेडिट कार्डवाल्या पोरीचा आला. मी दरडावून विचारलं, "हसल शिनू?" तिनंच ठेवला.

१५ जानेवारी, गुरुवार

आज हयातीच्या दाखल्यासाठी राहुरीला जायचं होतं. मी म्हटलं, "इकलास, मी तहसीलीत जाऊन येते. कोंबड्या बघ." पोरगी जागची उभीच राहिली.

"तहसील? आजी, हा आमचा शब्द आहे."

"तहसील राहुरीत हाय, तुमची कशी?"

तिनं परातीतल्या पिठात बोटानं तीन अक्षरं काढली, उलट्या बाजूनं. ह, स, ल. त्यांचा ह आपल्यासारखा नाही, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा घशातून काढायचा. म्हणाली, अरबीत शब्दाची मुळी असते, बहुतेक तीनच अक्षरांची. अक्षरं जागच्या जागी राहतात, मागं-पुढं आणि मधे स्वर भरले की नवा शब्द उगवतो. हसल, म्हणजे झालं, घडलं. हासिल, म्हणजे हाती आलं. तहसील, म्हणजे गोळा करणं. महसूल, म्हणजे पीक.

"थांब. महसूल म्हंजे पीक?"

"व्हय. शेतातनं येतं ते."

"आमच्यात महसूल म्हंजे शेतातनं जातं ते. सरकारला."

ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. म्हणजे अरबस्तानातून पीक निघालं आणि राहुरीला पोचेपर्यंत नुसता सारा उरला. वाटेत कुणी खाल्लं, ते कुणी सांगत नाही.

मग मला हशील आठवलं. नवीन लग्न झालेली असताना मी शुभवर्तमान उघडून बसले की सासू म्हणायची, "त्यात काय हशील?" हे इकलासला सांगितलं तर टाळ्या वाजवायला लागली. "हा पण त्याच घरातला!" मला जोर चढला. मी वसूल पुढं केलं. तर नाही म्हणाली. ते दुसऱ्या घरचं, व, स, ल. वसल म्हणजे पोचलं. मी म्हटलं, बरोबर हाय, सावकाराला पोचले म्हंजे वसूल. ती म्हणाली, "आजी, तुम्ही विद्यापीठात या." मी म्हटलं, माझा पगार परवडायचा नाही त्यांना.

दिवसभर एकच डोक्यात. माझ्या सासूनं राहाता आणि नगर सोडून गाव पाहिलं नाही, आणि टोमणा मारायला बाई थेट अरबस्तानातून शब्द आणत होती.

आजचा उपकार: हयातीचा दाखला मिळाला. हयात पण त्यांचाच शब्द निघाला. मी जिवंत आहे, शिक्क्यानिशी.

२५ जानेवारी, रविवार

हुरड्याला पाहुणे. इकलासनं पुण्याहून दोघांना बोलावलं होतं. अम्मार हा येमेनचा, डोळ्यांचं शिकतो, आणि हनान मोरोक्कोची, तिनं अंगणात पाय ठेवल्यापासून सगळ्याचे फोटो काढले, माझ्या खराट्याचासुद्धा. तिघं अरबीच बोलतात, पण मधूनमधून एकमेकांना "काय? काय?" विचारतात. आपला नगरचा माणूस वऱ्हाडात गेल्यावर विचारतो तसं.

आगटीत माझं बोट भाजलं. इकलास ओरडली, "हसल शिनू?" तर ती हनान हसत सुटली. म्हणे तिच्या मुलखात हसल म्हणजे अडकला. चोर पकडला गेला, गाडी चिखलात रुतली, की हसल. अम्मार म्हणाला, आमच्यात जरा जोर देऊन म्हणायचं, हस्सल, आणि त्याचा अर्थ सापडलं. हरवलेली किल्ली मिळाली की म्हणतात, हस्सलत. तिघं भांडायला लागली. माझं खरं, माझं खरं.

मी म्हटलं, "भांडता कशाला? एका शेतातलं बियानं तीन गावच्या लोकांनी नेलं. एकाची जमीन काळी, एकाची मुरमाड, एकाची पानथळ. कनीस सारखं येईल व्हय? हे तर ज्वारीवालीला कळाया पायजे."

अम्मारनं माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, लाव, पण हुरडा करपतोय तिकडं बघ.

 पाहुणे गेल्यावर भांडी घासताना इकलास म्हणाली, "आजी, मग माझ्या आईचं कुठल्या गावचं हसल असेल? सापडली, की अडकली?"

 मी तिच्या हातात घासलेलं पातेलं दिलं आणि म्हटलं, हे पालथं घाल.

२८ जानेवारी, बुधवार

काही नाही. एक कोंबडी खुडूक बसलीय.

१ फेब्रुवारी, रविवार

आज मंडळीत प्रार्थनेच्या विनंत्या मागितल्या तेव्हा मी उठले. मी कधी उठत नाही. गुडघे, बीपी आणि पोरांच्या परीक्षा यांच्यासाठी देवाला उगीच त्रास देऊ नये असं माझं मत. पण उठले. म्हटलं, "माझ्या घरी एक लेकरू हाय, त्याच्या आईसाठी." कुणी धर्म विचारला नाही. विचारला असता तर बोललेच असते.

अश्विनीताई घरी आल्या, इकलासच्या मोबाईलमधून हव्वाबाईचा फोटो घेतला. पांढऱ्या तोबमधली बाई, हातात सूप, कॅमेऱ्याकडं बघून रागावलेली. अश्विनीताई म्हणाल्या, "महिला संघाच्या ग्रुपवर टाकते. आपल्या पोरी नर्स आहेत जगभर, मस्कतला, कुवेतला, जेद्दाला. प्रार्थना करतील."

आजचा उपकार: उठायला जमलं. गुडघा दुखला नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

देवबापा, आमच्या लोकांना काय म्हणावं ते तूच ठरव.

अश्विनीताईंनी फोटो टाकला आणि खाली मजकूर लिहायच्या आधी गॅसवरचं दूध उतरवायला गेल्या. आपल्याकडं ग्रुपवर म्हाताऱ्या बाईचा नुसता फोटो आला की लोक काय समजतात? दूध उतरेपर्यंत "देव कुटुंबाचे सांत्वन करो" याची रांग लागली. फुलं. मेणबत्त्या. जोडलेले हात. फोटो पुढं गेला आणि संगमनेरच्या कुणीतरी तर बॅनरच बनवला, ढगांमधून उजेड, मधे हव्वाबाई सूप घेऊन, आणि खाली मोठ्या अक्षरात "चिरविश्रांती". तो सगळीकडं फिरला आणि फिरून माझ्याच मोबाईलवर आला.

इकलासला देवनागरी वाचता येते, सावकाश. चि. र. वि. श्रां. ती. वाचलं, वर बघितलं.

"आजी, हे काय लिहिलं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ती माझा चेहरा बघत होती. बारा महिने ऊन खाल्लेलं हे तोंड तिला वाचता येतं. मी सांगितलं. लोक चुकलेत हेही सांगितलं. कुणाला काही कळलेलं नाही, नुसता फोटो बघून लिहिलंय, हे दोनदा सांगितलं.

ती वर गेली. जेवायला आली नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पहिलं काम, पाळकांचं घर. मी म्हटलं, "अश्विनीताई, फोटो दिसला की हार घालायचा, येवढंच शिकलो का आपन?"

त्या रडवेल्या झाल्या होत्या. "रतनबाई, मी लगेच काढला हो. खुलासा टाकला. पण बॅनर पार पुढं गेला."

"आता माझा फोटो टाका. बघू तरी किती फुलं येत्यात ते."

"असं नका ना बोलू."

मी बोलणार होते अजून, पण त्यांचा चहा ओट्यावर तसाच गार झालेला दिसला. मग तोच गरम करून दोघींनी घेतला.

घरी येऊन भाकरी घेऊन वर गेले. पायऱ्या चढायला मला बंदी आहे, सुनीलची. चढले. शेवटच्या पायरीवर बसले. इकलास आतून म्हणाली, "आजी, आता फोन आला तर तुम्ही पण उचलू नका."

"का गं?"

"न उचलला तर अजून काही झालेलं नाही."

 भाकरी गार झाली तेव्हा ती बाहेर आली, माझ्या शेजारी बसून खाल्ली. मी तिला खोटा धीर दिला नाही. तो माझ्याकडं नसतोच.

आजचा उपकार: अख्खी भाकरी खाल्ली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून आमचा लेंत, चाळीस दिवसांचा उपास. चंद्र दिसला, म्हणजे तिचा रमजान उद्यापासून. एका घरात दोन उपास. मी चहा सोडला, ती दिवसभर पाणीसुद्धा सोडणार. तरी डोकं माझंच दुखतंय.

सुनीलचा फोन. "आई, पहाटे उठून तिच्यासाठी भाकरी करू नकोस, तुझी तब्येत बघ." मी म्हटलं, मी माझ्यासाठी उठते, तिचं पोट मधे येतं त्याला मी काय करू? मग तोच म्हणाला, "सोबत झाली का नाही?" मी म्हटलं, कोंबड्या बऱ्या हायेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज नीट लिहायचं आहे. 

उपासनेनंतर मी घरी येऊन वांगी चिरत होते. अश्विनीताई फाटकातून पळत आल्या. पाळकाची बायको पळताना मी पहिल्यांदाच बघितली. "इख्लास कुठंय? इख्लास?"

त्यांची केडगावची भाची, एस्तेर, जेद्दाला नर्स आहे. तो सत्यानाशी बॅनर संगमनेरहून पुणे, पुण्याहून कुवेत करत तिच्यापर्यंत गेला. तिनं खालचं मराठी वाचलं, पण बाईचा तोब बघून ती चकित झाली, आपल्या मंडळीत ही कोण? तिच्या वॉर्डात सुदानचीच एक बाई कामाला आहे. एस्तेरनं तिला फोटो दाखवला, "तुमच्याकडची कोणी वारलीय का?" त्या बाईनं तो आपल्या भागातल्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. आणि कोस्ती नावाच्या गावातून उलट उत्तर आलं. ही बाई मेलेली नाही. आम्ही सगळे ज्या शाळेत राहतो तिथं ती रोज किसरा करते आणि रांग मोडणाऱ्यांना शिव्या देते.

मी म्हटलं, "शिव्या देती? मग आईच हाय."

एस्तेरनं त्या सुदानी बाईचा आवाज पाठवला होता. अश्विनीताईंनी मोबाईल मधे ठेवला. भरभर बोलणं, मला काही कळेना, आणि मधेच एक शब्द लख्ख ऐकू आला. "वसलत." वसलत कोस्ती.

व, स, ल. मला कुणी सांगावं लागलं नाही. पोचली.

इकलास रडली नाही. जमिनीवर बसली आणि वांग्याच्या फोडी एकावर एक रचत राहिली. मग अम्मारला फोन लावला. तो इतक्या मोठ्यानं ओरडला की कोंबड्या उडाल्या. "हस्सलतूहा! हस्सलतूहा!" त्याच्या मुलखातलं. सापडली.

पण पोरगी म्हणते, आवाज ऐकल्याशिवाय खरं नाही. तिकडं रेंज नाही. एका दुकानात इंटरनेटचं यंत्र लावलंय, तिथं नंबर लावून बोलायचं. गुरुवारी दुपारनंतर आई फोन करणार.

आजचा उपकार लिहायला जागा नाही, रेघा संपल्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून मोबाईल चुलीजवळच्या फळीवर ठेवला होता. इकलास शेतावर गेली नाही. उपास तिचा, पण जेवले मीही नाही.

उन्हं कलली आणि मी मुद्दाम पीठ मळायला घेतलं. दोन्ही हात मनगटापर्यंत. भाकरीचं पीठ असं मळत नाहीत, मला माहीत आहे.

वाजला. मोठा नंबर, परदेशचा. तिनं मोबाईल उचलला आणि नेहमीसारखा माझ्यापुढं धरला. 

"आजी, तुम्ही."

"माझे हात बघ."

"आजी, प्लीज."

"क्रेडिट कार्डवालीशी मी बोलले. वीज तोडायची धमकी देनाऱ्या चोराशी मी बोलले. हा फोन तुझा हाय. उचल, न्हाईतर त्या दुकानात तिचा नंबर जाईल."

तिनं उचलला. तोंडातून "हसल" एवढंच निघालं, पुढचा शिनू निघालाच नाही. पलीकडून एक बाई ओरडली. राहुरीपर्यंत फोनशिवाय ऐकू गेलं असतं. इकलास पुढं काय बोलली मला माहीत नाही. मी पाठ करून परात पुसत होते. पुसलेली परात पुन्हा पुसली.

मग हसण्याचा आवाज आला. हव्वाबाईनं बॅनर बघितला होता. म्हणाली, मला पुरणारे हे कोण लोक, एवढी फुलं कुठून आणली, आणि सूप माझ्या हातात का ठेवलं, स्वर्गातपण पाखडायचंय का?

आवडली मला बाई.

१ मार्च, रविवार

मंडळीत उपकारस्तुती केली. मी नव्या ज्वारीची कणसं नेली, इकलास डोक्यावरून तोब घेऊन आली आणि ताटभर किसरा आणला. तिचा उपास, तिनं नुसता वाढला. बायकांनी तो धिरडं म्हणून खाल्ला आणि पुन्हा मागितला. अश्विनीताईंनी संगमनेरच्या बॅनरवाल्याला मुद्दाम बोलावून उभं केलं, तो लाजला. मी म्हटलं, "भाऊ, पुढच्या येळी आधी इचार. पन या येळेला तुझे उपकार."

तुझे आभार, देवबापा, एकेक सांगते. एस्तेरच्या डोळ्यांबद्दल. त्या जेद्दाच्या बाईबद्दल, जिचं नाव मी विचारायला विसरले, तुला माहीत असेल. उतू जाणाऱ्या दुधाबद्दल. त्या तीन अक्षरांबद्दल, जी माझ्या सासूच्या तोंडातून माझ्याकडं आली आणि मी आजवर तिला शिव्या घालत होते. सुनीलचेही आभार, पण त्याला कळवू नकोस, चढेल. मीच आज त्याला फोन केला. त्यानं घाबरून विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, तेच मी तुला विचारणार होते.

आता राहिलं एक. गुरुवारी फोन ठेवायच्या आधी हव्वाबाईनं माझ्याशी बोलायचं म्हटलं. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. मग इकलासनं मधे सांगितलं, "आई म्हणते, तुम्ही चर्चमधे माझ्यासाठी उभ्या राहिलात. तुमचं ऐकणारा कोणी तिथं असेल तर त्याला विचारा, आम्ही घरी कधी जायचं?"

मी विचारते म्हटलं. शब्द दिलाय.

फोन मी उचलले, भाकरी मी केली, चुकलेल्यांना मी बोलले. हे मला येत नाही. हे पाळकसाहेबांना येत नाही, सुनीलला नाही, त्या विद्यापीठातल्या कुणाला नाही. त्यामुळं कुणाकडं ढकलायचं नाही. हव्वाबाईनं विचारलंय, आणि उत्तर तू द्यायचंस.